'उत्तर नाही' म्हणण्याआधी : बीजगणिताचे मूलभूत प्रमेय



आजचा विषय नाव ऐकून कॉलेजचा वाटेल. कॉलेजात तो 'संमिश्र विश्लेषण' या विषयात शिकवतातही. पण त्याची सुरुवात आपल्या प्राथमिकच्या वर्गात होते, म्हणून इथे लिहिते आहे.

दुसरी-तिसरीत वजाबाकी शिकवताना आपण सांगतो, "लहान संख्येतून मोठी संख्या वजा होत नाही." भागाकारात सांगतो, "७ ला २ ने पूर्ण भाग जात नाही." पुढे दहावीत वर्गसमीकरणं येतात, तेव्हा मुलं वहीत लिहितात, "मुळे वास्तव संख्या नसतात." तिन्ही वेळा मुलांच्या डोक्यात एकच गोष्ट बसते, ती म्हणजे उत्तर नाही. आणि मग सहावीत पूर्णांक संख्या आल्या की तीच मुलं विचारतात, "टीचर, तुम्ही तर म्हणाला होतात ३ मधून ५ जात नाहीत!"

प्रश्न अगदी रास्त आहे. आज जे होत नाही ते उद्या होणार असेल, तर हे कुठपर्यंत चालणार? दर दोन-तीन वर्षांनी नवी संख्या येतच राहणार का? याचं पक्कं उत्तर गणिताने दिलेलं आहे. त्यालाच बीजगणिताचे मूलभूत प्रमेय म्हणतात.

अडलं की नवी संख्या

आधी आपण कुठे कुठे अडतो ते पाहू.

१) क्ष + ५ = ३. मोजायच्या संख्यांमध्ये उत्तर नाही. ऋण संख्या घेतल्या की उत्तर −२.

२) २क्ष = ७. पूर्णांकांत उत्तर नाही. अपूर्णांक घेतले की साडेतीन.

३) क्ष × क्ष = २. अपूर्णांकांतही उत्तर नाही. पण एक फूट बाजूच्या चौरस फरशीचा कर्ण आपल्या डोळ्यांसमोर असतो. त्याची लांबी √२ फूट. म्हणून अपरिमेय संख्या आल्या. इथपर्यंतच्या सगळ्या मिळून वास्तव संख्या झाल्या.

४) क्ष × क्ष = −१. इथे वास्तव संख्याही संपतात. धन गुणिले धन धनच येतं, आणि ऋण गुणिले ऋणही धनच. मग वर्ग ऋण येणार कसा?

भास्कराचार्यांनी काय सांगितलं?

ही चौथी अडचण आपल्या महाराष्ट्रात साडेआठशे वर्षांपूर्वी स्पष्ट शब्दांत लिहिली गेली आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण गाव आहे. तिथल्या देवीच्या देवळात १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला, अशी त्यात नोंद आहे. अनेक अभ्यासक भास्कराचार्यांचं गाव याच परिसरात होतं असं मानतात.

'बीजगणित' या ग्रंथात ते सांगतात की धन संख्येचा वर्ग धन आणि ऋण संख्येचा वर्गही धन. म्हणून धन संख्येला दोन वर्गमुळं असतात, एक धन आणि एक ऋण. ऋण संख्येला मात्र वर्गमूळ नाही, कारण ती कोणाचा वर्गच नसते. आपण आज दहावीत जे शिकवतो ते हेच.

त्याच ग्रंथात माकडांचं एक गणित आहे. एका कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा केले, त्या संख्येचा वर्ग केला, तितकी माकडं गुहेत गेली. बाहेर एक माकड दिसतंय. तर कळपात एकूण किती?

उत्तर ५० येतं. पाचवा भाग १०, त्यातून ३ गेले ७, सातचा वर्ग ४९, आणि बाहेरचं १. पण समीकरण आणखी एक उत्तर देतं, ते म्हणजे ५. पाचवा भाग १, त्यातून ३ गेले −२, त्याचा वर्ग ४, आणि बाहेरचं १. आकड्यांत हेही बरोबर बसतं! भास्कराचार्यांना ही दोन्ही उत्तरं माहीत होती. ५ हे उत्तर त्यांनी सोडून दिलं, कारण ऋण संख्येइतकी माकडं लोकांना पटत नाहीत.

आपल्यासाठी इथे शिकण्यासारखं बरंच आहे. वर्गसमीकरणाला दोन उत्तरं असतात हे त्यांनी ओळखलं होतं. शिवाय समीकरण काय सांगतं आणि प्रसंगाला काय शोभतं, या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. माकडं उणे दोन नसतात, पण बँकेतली शिल्लक उणे दोन हजार असू शकते. म्हणजे एखादं उत्तर चालतं की नाही, हे आपण काय मोजतो आहोत त्यावर ठरतं.

उत्तर साधं, वाट मात्र अवघड

मग ऋण संख्येचं वर्गमूळ घ्यायची गरज कुणाला पडली? सोळाव्या शतकात इटलीतल्या गणितींना ती घनसमीकरणं सोडवताना पडली. कार्दानो याने १५४५ मध्ये अशी समीकरणं सोडवायची रीत छापली. पण ती रीत

क्ष³ = १५क्ष + ४

या समीकरणाला लावली की मध्येच −१२१ चं वर्गमूळ येतं आणि माणूस अडतो. खरं तर या समीकरणाचं उत्तर ४ आहे. करून पाहा. ४ चा घन ६४, आणि १५ चोक ६० अधिक ४ सुद्धा ६४.

बोम्बेली याने १५७२ च्या आपल्या पुस्तकात धीर धरून त्या विचित्र वर्गमुळाशी नेहमीसारखाच हिशेब केला. त्याला (२ + √−१) आणि (२ − √−१) असे दोन भाग मिळाले. त्यांची बेरीज केली तर विचित्र तुकडे एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतात ४. सुरुवात साध्या संख्येने, शेवटही साध्या संख्येने, पण मधली वाट मात्र ऋण संख्येच्या वर्गमुळातून जाणारी. म्हणजे ही संख्या निरुपयोगी नव्हती. तिला ठेवायला आपल्याकडे जागा नव्हती, एवढंच.

बाये मूड, बाये मूड

ती जागा नकाशावर मिळाली. वेसेल आणि आर्गां यांनी सुमारे १८०० च्या आसपास ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली. आपण ती आपल्या गावात मांडू.

वसई रोड स्टेशनला शून्य समजा. पूर्वेकडे महामार्गाच्या दिशेने धन संख्या, पश्चिमेकडे समुद्राच्या दिशेने ऋण संख्या. ही झाली आपली नेहमीची संख्यारेषा. आता −१ ने गुणणं म्हणजे काय? ३ चे −३ होतात, म्हणजे पूर्वेकडचा माणूस थेट पश्चिमेकडे जातो. कवायतीच्या भाषेत हे झालं 'पीछे मूड'.

आता आपल्याला अशी संख्या हवी, जिने दोनदा गुणलं की 'पीछे मूड' होईल. कवायत करणारं कुठलंही मूल सांगेल की दोनदा 'बाये मूड' केलं की तोंड मागे होतं! पूर्वेकडे तोंड असलेला माणूस एकदा डावीकडे वळला की नालासोपारा-विरारकडे, म्हणजे उत्तरेकडे बघतो. पुन्हा वळला की समुद्राकडे. या 'बाये मूड' संख्येला पुस्तकात इंग्रजी अक्षर 'आय' वापरतात.

आय × आय = −१

चारदा वळलं की पुन्हा पहिल्या जागी, म्हणून आयचा चौथा घात १. संख्यारेषेवर तिला जागा नव्हती, कारण ती रेषेच्या बाहेर, उत्तरेला आहे. ३ + २आय म्हणजे ३ पावलं पूर्वेला आणि २ पावलं उत्तरेला. अशा संख्यांना संमिश्र संख्या म्हणतात. दोन संमिश्र संख्यांचा गुणाकार करताना शून्यापासूनच्या अंतरांचा गुणाकार होतो आणि वळणांची बेरीज होते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्रमेय काय म्हणतं?

आता मुलांचाच प्रश्न पुढे नेऊ. −१ च्या वर्गमुळासाठी नवी संख्या आणली. मग 'आय'च्या वर्गमुळासाठी आणखी एक नवी आणायची का? नाही. दोनदा वळून उत्तरेकडे तोंड व्हायला हवं, तर प्रत्येक वेळी अर्धं वळायचं, ४५ अंश. ईशान्येकडे एक पाऊल, हे झालं आयचं वर्गमूळ. ते याच नकाशावर आहे.

प्रमेय सांगतं की हे नेहमीच असं होतं:

कोटी १ किंवा त्याहून जास्त असलेल्या प्रत्येक बहुपदी समीकरणाला संमिश्र संख्यांमध्ये निदान एक मूळ असतंच.

एक मूळ मिळालं की तेवढा अवयव बाजूला काढता येतो आणि समीकरणाची कोटी एकने कमी होते. उरलेल्याला पुन्हा तेच प्रमेय लावायचं. असं करत करत कोटी ५ असेल तर बरोबर ५ मुळं, कोटी १०० असेल तर बरोबर १००. (तेच मूळ दोनदा आलं तर दोनदा मोजायचं.) सहगुणक स्वतः संमिश्र असले तरीही नव्या संख्येची गरज पडत नाही.

हे खरं कशावरून? बाटली आणि दोरा

हे घरी किंवा वर्गात करून पाहण्यासारखं आहे. जमिनीवर पाण्याची भरलेली बाटली ठेवा. एका लांब दोऱ्याची टोकं बांधून बंद कडी करा आणि ती बाटलीभोवती दोन फेरे होतील अशी मांडा. आता मुलांना सांगा, दोरा जमिनीवरून न उचलता, न तोडता, सगळा गोळा करून बाटलीच्या बाजूला ठेवा. जमणार नाही. बाटलीच्या जागेवरून दोरा गेल्याशिवाय फेरे सुटत नाहीत.

आता क्ष² + २क्ष + ५ ही बहुपदी घेऊ. बाटली म्हणजे नकाशावरचं शून्य.

क्षला शून्यापासून १०० पावलांवर ठेवून वर्तुळात एक फेरी मारायला लावा. क्षचा वर्ग १०,००० पावलांवर असतो, आणि वळणांची बेरीज होत असल्यामुळे तो शून्याभोवती दोन फेऱ्या मारतो. उरलेले २क्ष + ५ फार तर २०५ पावलांचे. झाडाभोवती दहा हजार पावलांवरून एक माणूस दोन फेऱ्या मारतोय आणि त्याच्या हातात २०५ पावलांच्या पट्ट्याला बांधलेला कुत्रा आहे असं समजा. कुत्रा कितीही इकडेतिकडे पळाला तरी झाडाभोवती त्याच्याही दोनच फेऱ्या होणार. म्हणजे बहुपदीची उत्तरं जोडून जो दोरा तयार होतो, त्याचे शून्याभोवती दोन फेरे आहेत.

आता क्षचं वर्तुळ हळूहळू लहान करत शून्यापर्यंत आणा. क्ष = ० झाला की बहुपदीचं उत्तर नुसतं ५. सगळा दोरा ५ या एका ठिपक्यावर गोळा झाला, फेरे शून्य. मधे कुठेही दोरा तुटला नाही, उचलला नाही. मग दोनाचे शून्य फेरे झाले कसे? दोरा कुठेतरी बाटलीच्या जागेवरून, म्हणजे शून्यावरून गेलाच पाहिजे. त्या क्षणी बहुपदीची किंमत शून्य होती. तेच मूळ!

आपल्या उदाहरणात हे क्ष शून्यापासून √५ म्हणजे सुमारे २.२४ पावलांवर असताना घडतं. मुळं आहेत −१ + २आय आणि −१ − २आय. त्यांची बेरीज −२ आणि गुणाकार ५, हे आपल्या दहावीच्या नियमात बसतं का ते तपासून घ्या.

कोणतीही बहुपदी घेतली तरी युक्ती हीच. शेवटची संख्या ० असेल तर क्ष = ० हेच मूळ, कामच संपलं.

नाव बीजगणिताचं असलं तरी दोरा 'न तुटता' सरकतो, हा मुद्दा बीजगणिताचा नाही, विश्लेषणाचा आहे. म्हणून या प्रमेयाची सुटसुटीत सिद्धता संमिश्र विश्लेषणात मिळते. तिथे ल्यूव्हिल यांच्या नावाचं प्रमेय आहे. सगळ्या नकाशावर कुठेही न अडखळता चालणारं आणि ठरावीक मर्यादेच्या बाहेर न जाणारं फलन एकच किंमत देत राहतं, असं ते सांगतं. बहुपदी कधीच शून्य होत नसती, तर '१ भागिले बहुपदी' हे असंच फलन झालं असतं. म्हणजे बहुपदीची किंमतही कधी बदलली नसती. पण ती बदलते. म्हणून ती कुठेतरी शून्य होतेच.

गाउस यांनी १७९९ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, आपल्या प्रबंधात याची सिद्धता दिली. त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली राहिली होती. ती जागा ओस्त्रोव्स्की यांनी १९२० मध्ये भरून काढली. स्वतः गाउस यांनीही याच प्रमेयाच्या आणखी सिद्धता दिल्या. पाठ्यपुस्तकात चार ओळींत मावणारी गोष्ट पक्की व्हायला एवढा काळ लागला, हे मुलांना जरूर सांगावं.

एवढं करून उपयोग काय?

पालक हा प्रश्न विचारणारच. आपल्या रस्त्यावरच्या खड्ड्यातून स्कूटर गेली की ती वर-खाली हलते आणि शांत होते. स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरचा हिशेब मांडला की वर्गसमीकरण मिळतं. समजा ते आपलंच क्ष² + २क्ष + ५ = ० आलं. विवेचक ४ − २० = −१६. दहावीचा विद्यार्थी लिहील, "मुळे वास्तव संख्या नाहीत," आणि पुढच्या गणिताकडे जाईल. त्याचं उत्तर बरोबर आहे. पण इंजिनिअर तिथून पुढे वाचायला सुरुवात करतो. मुळातला −१ सांगतो की हलणं किती लवकर विरेल. २आय मधला २ सांगतो की वर-खाली किती वेगाने होईल. मुळं वास्तव आली असती तर स्कूटर झोके न घेता सरळ बसली असती. म्हणजे "वास्तव मुळे नाहीत" याचा इथला अर्थ आहे "गाडी झोके घेईल". शॉक अॅब्सॉर्बर झिजला की तो −१ शून्याकडे सरकतो आणि झोके थांबता थांबत नाहीत. तोच आकडा धन झाला तर झोके वाढत जातील!

पूल, विमान, विजेचं जाळं यांची समीकरणं आठव्या-दहाव्या कोटीची, कधी त्याहून मोठी असतात. पाचव्या कोटीपासून पुढे सगळ्यांना चालेल असं वर्गसमीकरणासारखं सूत्रच नाही, हे आबेल यांनी १८२४ मध्ये दाखवलं. मुळं संगणकाने शोधावी लागतात. तिथे हे प्रमेय पाठीशी उभं राहतं. कोटी ८ आहे आणि ६ च मुळं सापडली आहेत, तर अजून २ राहिली आहेत, शोध थांबवू नका. त्या दोनांपैकी एखादं धोक्याचं असू शकतं. हिशेब पुरा झाला की नाही, हे कळण्याची ही खूण आहे.

शेवटचं स्टेशन

चर्चगेटहून सुटलेली विरार लोकल विरारला संपते. रूळ मात्र पुढे डहाणूकडे जातातच. संख्यांचंही तसंच आहे. हॅमिल्टन यांनी १८४३ मध्ये याही पुढच्या, चार भागांच्या संख्या शोधल्या. तिथे मात्र गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. त्यांचे उपयोग वेगळे आहेत. पण बहुपदी समीकरण सोडवायला निघालेल्या प्रवाशाला संमिश्र संख्यांच्या पुढे जावं लागत नाही. त्याचं विरार आलं.

वर्गात आणि घरी काय बोलावं?

• दुसरी-तिसरीत "३ मधून ५ जात नाहीत" याऐवजी "आपण आत्तापर्यंत शिकलेल्या संख्यांमध्ये जात नाहीत" असं म्हणावं. चार शब्द जास्त, पण सहावीत ते मागे घ्यावे लागत नाहीत.

• "७ ला २ ने पूर्ण भाग जात नाही" यातला 'पूर्ण' हा शब्द फळ्यावर अधोरेखित करावा.

• दहावीच्या मुलांनी उत्तर लिहिताना 'वास्तव' हा शब्द गाळू नये. "मुळे नाहीत" आणि "मुळे वास्तव संख्या नाहीत" यांत फार अंतर आहे. परीक्षेतही दुसरंच वाक्य बरोबर.

• पालकांनी "हे परीक्षेला नाही, सोड" म्हणण्याआधी 'बाये मूड'चा खेळ एकदा करून दाखवावा. दोन मिनिटं लागतात. अकरावी विज्ञानला संमिश्र संख्यांचा धडा येतो, तेव्हा मुलाला 'काल्पनिक' या शब्दाची भीती वाटणार नाही.

• सहावी-सातवीच्या मुलांना बाटली-दोऱ्याचा उपक्रम तीन फेऱ्यांनी करायला द्या आणि विचारा, हा कोणत्या कोटीच्या समीकरणाचा दोरा? प्रमेय सांगायची गरज नाही. फेरे का सुटत नाहीत, एवढं त्यांना त्यांच्या शब्दांत सांगू द्या.